निळ्या झाकणाची बाटली

८ जानेवारी

मागच्या वर्षीची डायरी अर्धी कोरी राहिली होती, तीच पुढे चालवते आहे. कारण एवढंच, की दिवसभर मी ज्यांच्याशी बोलते ते उंदीर आहेत आणि घरी ज्याच्याशी बोलते तो उत्तर देत नाही.

आज प्रयोगशाळेच्या प्राणिघरातलं शेवटचं ऑपरेशन उरकलं. सगळ्या उंदरांचं मोठं आतडं मध्ये कापून वरचं टोक पोटावर डावीकडे आणून शिवलंय. शी तिथूनच बाहेर येते. खालचा तुकडा वरून टाके घालून बंद केला आणि आत तसाच ठेवला. त्याला आता काही काम नाही, आणि काम गेलं की तो आजारी पडतो. अस्तर सुजतं, जखमा होतात, रक्त येतं. आतड्याचं अस्तर आपलं खाणं आतून जाणाऱ्या मळातून घेतं, हे घरी आलेल्या कुणाला सांगितलं की ते तोंड वाकडं करतात. पण तसंच आहे. वरून काही येईनासं झालं की ते उपाशी पडतं.

आमचं औषध बारीक नळीने, खालून, त्या उपाशी तुकड्यात सोडायचं आहे. अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. कुठल्या बाटलीत काय ते फक्त आमच्या प्रमुख, मोठ्या मॅडमना माहीत. मला मुद्दाम सांगितलेलं नाही, माझा हात कुणाकडे झुकू नये म्हणून. निळ्या झाकणाच्या बाटल्या आणि पिवळ्या झाकणाच्या, एवढंच मला ठाऊक. औषधाला खवट लोण्याचा वास येतो, म्हणून मीठपाण्यातही तोच वास घातलाय. मोठ्या मॅडम काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत.

माझे टाके मात्र बघत राहावे असे झालेत. कुणी बघत नाही ही गोष्ट वेगळी.

११ जानेवारी

आता घरचं. टाळून टाळून किती टाळणार.

मागच्या खोलीत नवरा झोपून असतो. ऑक्टोबरात त्याचं आतडं फुटलं, आणि मी उंदरांचं जे करते तेच सर्जनने त्याचं केलं. वरचं टोक पोटावर, त्यावर पिशवी, खालचा तुकडा बंद. पुढे दोन्ही टोकं जोडली की पिशवी जाणार आणि माणूस पहिल्यासारखा हिंडूफिरू लागणार. पण खालचा तुकडा सुजून बसलाय. सर्जन म्हणाले, "एवढ्या सुजेत टाके धरणार नाहीत. जोडलं की सूज जाते, आणि सूज गेल्याशिवाय जोडता येत नाही, अशी गोची आहे. मधूनमधून दुर्बिणीने बघत राहू."

आणि हेही लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे. आतडं फुटायच्या आधीच्या रविवारी त्याने मला समोर बसवून सांगितलं होतं, की तो जाणार. भांडण नाही, तंटा नाही. तो गाडी शिकवतो. दुसऱ्या गावी मित्राच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्याची भागीदारी ठरली होती, राहायला खोलीही बघून झाली होती. "तुझ्या घरात मी पाहुणा आहे गं," म्हणाला. बॅग भरली, मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि झोपायलाही तिकडेच गेला. आठवड्याच्या आत हॉस्पिटल. तिथे सही करायला कोण, पिशवी बदलायला कोण, उशाशी बसायला कोण? त्या रविवारचा विषय पुढे दोघांनीही काढलेला नाही.

त्याची थोरली बहीण, आमच्या ताई, सारखा फोन करतात. "अगं, जोडणार कधी ते एकदा धसाला लावून विचार ना." जसं काही मीच अडवून धरलंय.

१६ जानेवारी

उंदीर रात्रीचे जीव, म्हणून प्राणिघरात आम्ही दिवसच उलटा करून ठेवलाय. रात्रभर पांढरे दिवे आणि दिवसा अंधार. आमच्या कामापुरता लाल दिवा असतो. लाल उजेड उंदरांना दिसत नाही, त्यांच्या लेखी तो काळोखच. औषध द्यायला आजवर त्यांना बाजूच्या उजेडाच्या खोलीत नेत असू. तिथे ते बिथरत आणि आम्हाला सळो की पळो करून सोडत. या वेळी सगळं लाल दिव्यातच करायचं असं मी ठरवलं. टॉवेलात गुंडाळणं, नळी घालणं, पुसणं, नोंद करणं, सगळं. मोठ्या मॅडमनाही कल्पना आवडली.

मावशींना नाही आवडली. प्राणिघरातलं धुणंपुसणं त्यांच्याकडे. "डॉक्टरबाई, या उजेडात मला माझे हात पण दुसऱ्या कुणाचे वाटतात," म्हणाल्या. मला उलट तिथे बरं वाटतं. निळी झाकणं काळी दिसतात, पिवळी पांढरी, आणि बाकी सगळं एकाच रंगाचं होऊन जातं. डोकं शांत राहतं.

काम करताना मी काहीतरी गुणगुणते म्हणे. मला पत्ताच नाही.

२३ जानेवारी

फरक दिसायला लागला आहे. पिवळ्या झाकणाचे उंदीर नुसता उच्छाद मांडतात. जाळीला लटकतात, नळी पाहिली की किंचाळतात, आज एकाने माझा अंगठा फोडला. निळे गुणाचे. हातात घेतलं की अंग सैल सोडतात. खातात जरा कमी, पण शांत जनावर कमीच खातं. पुसून घेतलेला टॉवेल ओला असतो, पण स्वच्छ.

एक निळा माझ्या तळहातावर दात घासत होता, करकर, अगदी बारीक आवाजात. उंदीर सुखात असले की असे दात घासतात. मावशींना ऐकवलं तर म्हणाल्या, "दुखत असलं तरी घासतात की." ते मलाही माहीत आहे, पुस्तकात दोन्ही दिलंय. पण हातातलं जनावर सुखात आहे की दुखण्यात, हे धरणाऱ्याला कळतं. इतकी वर्षं मी काय झोपा काढल्या?

निळ्यात औषध आहे. मला माहीत असायला नको, पण डोळे तर मिटून घेता येत नाहीत.

२७ जानेवारी

घरी आज तमाशा झाला. पाण्याचा पेला भिंतीवर. "माझी तारीख काढ, नाहीतर मी असाच उठून जातो." एवढा मोठा आवाज की शेजारच्यांनी दार किलकिलं करून पाहिलं. आयुष्यभर शिकाऊ लोकांवर "ब्रेक, ब्रेक" असं ओरडल्याचा हा परिणाम. मी काच वेचली. मग तो रडला, आणि खालून फार जळजळतं असं म्हणाला, आणि दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा बंद कर, डोक्यात घुसतो."

मला भरून आलं. इतक्या महिन्यांत त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं.

३० जानेवारी

चूक आहे हे मला कळतं. तरी केलं. उरलेलं औषध रोज ओतून टाकायचं असतं. ते न ओतता निळ्या झाकणाची एक बाटली पर्समध्ये टाकली, सोबत नवी नळी, आणि प्राणिघराच्या कपाटातला जादाचा लाल बल्ब. घरी बाटली तळहातात धरून कोमट केली, जशी तिथे करते. त्याला म्हटलं, सर्जननी दिलंय. त्याने कूस वळवली. उंदरापेक्षा सोपं गेलं.

लाल बल्ब त्याला सोसतो. आता त्या खोलीत दुसरा दिवा लावायचाच नाही.

६ फेब्रुवारी

मानेखाली हात घातला की डोळे अर्धे मिटतात. अंग सैल. नळीला विरोध नाही. खाणं थोडं कमी. टॉवेल स्वच्छ.

(हे घरचं. सवयीने प्राणिघरासारखं लिहिलं गेलं. तिकडचंही हेच आहे, वेगळं लिहीत नाही.)

११ फेब्रुवारी

पेला नाही, आरडाओरडा नाही. संध्याकाळी मी कुलपात किल्ली घालायच्या आत तो भिंतीकडे तोंड करून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन तयार असतो. मी आलेली त्याला कशी कळते, देव जाणे. पायांचा आवाज म्हणावा तर मी मऊ चपला घालते.

निळ्यांचंही आज तेच पाहिलं. प्राणिघराचं दार उघडलं तर पिवळ्यांचा नेहमीचा गोंधळ, आणि निळ्या रांगेतल्या प्रत्येक पिंजऱ्यात उंदीर कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून, एकाच बाजूला तोंड. ओळीने सगळे. मी जागच्या जागी थबकले. मग म्हटलं, बाई, शिकलीस एवढी आणि उंदरांना घाबरतेस. जनावराला वेळ कळते, दुसरं काय.

आज नळी काढून घेताना तो गुणगुणत होता. चाल ओळखीची वाटली पण कुठली ते आठवेना. विचारलं तर म्हणाला, "तूच म्हणतेस की रोज."

१४ फेब्रुवारी

मावशी टॉवेलवरून कुरकुरत होत्या. निळ्या ढिगातल्या टॉवेलांचे डाग निघत नाहीत, दुप्पट ब्लीच लागतं. म्हटलं, आयोडीन असेल. "आयोडीनचा डाग काय मी आज बघत्येय," म्हणाल्या. मी कानाडोळा केला. त्यांना धुणं कमी करून हवंय.

निळ्यांतला एक सकाळी मेलेला होता. भूल जास्त झाली असेल तेव्हा, किंवा टाका सुटला असेल. घरी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. टॉवेल गुंडाळत असताना तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "आज एक कमी झाला का?" काय कमी झालं, विचारलं. फक्त दात, करकर, करकर.

पिशवीबद्दल म्हणत असेल. आज एक पिशवी कमीच लागली खरी.

१९ फेब्रुवारी

ताई न सांगता टपकल्या. दारातच नाकाला पदर. "घरात काय नासलंय गं?" मला कसलाच वास येत नव्हता. आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या, चेहरा उतरलेला. "हा लाल दिवा कशाला? आणि तो बोलत का नाही? माझा भाऊ एका जागी दोन मिनिटं गप्प बसायचा नाही."

"तेच तर, ताई. आता शांत झालाय."

"शांत झालाय की गळाठलाय? मी मोठा दिवा लावते म्हटलं तर पांघरुणात तोंड लपवलंन. तू त्याला माझ्याकडे पाठव."

मी चहा केला. तो त्यांनी घेतला नाही. जाताना माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "तुझी पण तब्येत बघ गं. तू बोलतेस ते मला नीट ऐकूच येत नाही, इतकं हळू बोलतेस." म्हणजे मी ओरडत नाही, एवढंच. या घरात पूर्वी सगळे ओरडतच बोलत.

दुर्बिणीची तपासणी उद्या होती. पुढे ढकलून घेतली. इतकं छान चाललेलं असताना त्याला हलवायचं, पांढऱ्या दिव्याखाली नेऊन आडवं करायचं, कशाला? सगळं दिसतंच आहे मला.

२५ फेब्रुवारी

त्याच्याजवळ बसून भाजी निवडली. लाल उजेडात पिकलेलं आणि कच्चं कळत नाही, बोटांनी दाबून बघावं लागतं. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता, मी ठेवला तिथेच. लग्नानंतर इतकी निवांत संध्याकाळ मला आठवत नाही. मी सुखात आहे. लिहायला लाज कसली?

३ मार्च

प्रयोगाचा शेवटचा दिवस. शेवटी सगळे उंदीर मारावेच लागतात, कारण आतून बघितल्याशिवाय अस्तराचं खरं कळत नाही. ते बारीक काम लाल दिव्यात होत नाही, म्हणून सकाळी आल्या आल्या मोठे दिवे लावले. दिवसा, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

निळ्या रांगेतला कागद तांबडा होता. सगळ्या पिंजऱ्यांतला, जुना वाळलेला आणि वर ताजा. उंदरांच्या शेपटीखाली तांबडं, डोळ्यांभोवती तांबड्या कडा. दुखण्यातल्या उंदराच्या डोळ्यांतून लाल पाणी येतं, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. मला क्षणभर वाटलं, कुणीतरी रातोरात येऊन रंगवून गेलं. मग कळलं. लाल दिव्यात लाल दिसत नाही. रक्त पाण्यासारखं दिसतं.

पिवळ्यांचा कागद कोरा.

मग एकेक उघडला. पिवळ्यांचं अस्तर फिकट गुलाबी, सुरकुती न सुरकुती जागेवर. निळ्यांचं सोललेलं. मोठ्या मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "वा. म्हणजे औषध लागू पडलं. पिवळं औषध, निळं मीठपाणी. आता सांगायला हरकत नाही." माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमची धरायची पद्धत मात्र मानली हं. इतकी दुखणाईत जनावरं, पण एक ओरडलं नाही."

मी हात धुवायला गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्याच दिवशी, घरी

त्याचे टॉवेल मी त्या खोलीतून तसेच गुंडाळून यंत्रात टाकते. आजचा स्वयंपाकघरात आणला, ओट्यावर दिव्याखाली उलगडला, आणि खाली फरशीवर बसले. तो आतून हाक मारत नव्हता. तो कधीच हाक मारत नाही.

मी त्याला मारते आहे. हे वाक्य मी लिहिलं आहे आणि खोडणार नाही.

४ मार्च

पिवळ्या बाटल्या भरपूर उरल्यात. मोठ्या मॅडमनी ओतून टाकायला सांगितल्या, मी घरी आणल्या. आजपासून पिवळी. रोज आणलेल्या निळ्यांतल्या उरल्या त्या कपाटात मागे सारल्या. त्याला काही सांगितलं नाही.

१० मार्च

टॉवेलावर रक्त कमी. मी स्वयंपाकघरात नेऊन बघते, तिथेच बघायचं ठरवलंय. त्याने आज पोळी मागून घेतली. देवाचे आभार मानले, मी, जी कधी मानत नाही.

१५ मार्च

मी नळी घालताना त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आई गं, हळू." मग म्हणाला, "हा कसला मसणातला दिवा लावलायस? माणसाला माणूस दिसत नाही." मी मोठा दिवा लावला. त्याचा चेहरा पाहिला. किती दिवसांनी पाहिला. डोळ्यांखाली खड्डे, दाढी पांढरी, आणि माझ्याकडे बघून तो एवढा दचकला की मीच आरशात बघून आले.

दात घासणं बंद झालंय. खोली रिकामी वाटते.

२० मार्च

टॉवेल स्वच्छ. खरोखरचा स्वच्छ.

तो उठून बसतो, खिडकी उघडतो, गल्लीतल्या गाड्यांना शिव्या घालतो. आज मी पोचले तेव्हा तो तयार होऊन पडलेला नव्हता. फोनवर होता, ताईंशी, मोठमोठ्याने हसत. "अगं ताई, जळजळ पार गेली. सर्जनची तारीख घेतलीय मी, दुर्बीण टाकतील, चांगलं दिसलं की जोडतील." मी दारात उभी होते. त्याने मला बघितलं, फोन ठेवला आणि हात पुढे केला.

"बस ना. तू केलंस गं हे सगळं. दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्या रविवारी मी तसं बोललो, तरी तू केलंस." त्याचे डोळे भरले होते. "मित्राने जागा धरून ठेवलीय माझी. जोडून झालं, की आधी तुला गाडीतून लांब कुठेतरी फिरवून आणतो, आणि मग जातो. रागावून नाही जाणार मी आता. चांगला जाईन."

मी बाटली कोमट करायला घेतली. तो म्हणाला, "राहू दे, मी माझं करून घेतो."

२१ मार्च

झोप नाही. तो पलीकडे शीळ वाजवतोय.

विचार करते आहे की पिवळं त्याला फार उत्तेजित करतं. पिवळे उंदीरही तसेच होते, चावरे, अस्थिर, जाळीला लटकणारे. अस्तर बरं झालं म्हणजे जनावर बरं झालं असं नसतं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला सामोरं जायचं तर आधी मन शांत हवं, शरीर शांत हवं. हे कुठल्याही सर्जनला पटेल. आणि तो थकलाय, मला दिसतं ते. बोलतो फार.

२३ मार्च

तारीख मी रद्द करवली, त्याला म्हटलं सर्जन परगावी गेलेत. त्याने आदळआपट केली. मग मी मोठा दिवा बंद करून लाल लावला, त्याच्याजवळ बसले, मानेखाली हात घातला. "तू नको करत बसू, तुझा हात थरथरतो," म्हटलं. शेवटी वळला.

झाकण बघितलं नाही त्याने. बघितलं असतं तरी काळंच दिसलं असतं.

२९ मार्च

पुन्हा घडी बसते आहे. खिडकी लावलेली असते. फोन मी माझ्या पर्समध्ये ठेवते, त्याला आवाज सोसत नाही. खाणं थोडं कमी. आज मी यायच्या आत कुशीवर वळलेला होता.

ताईंचा फोन आला, माझ्यावर. हसण्याचं मध्येच काय झालं, तारखेचं काय झालं, एकामागून एक. मी म्हटलं, "ताई, घाई करून चालणार नाही. अजून सूज आहे."

ठेवल्यावर वाटलं, चला, खोटं तर बोलले नाही.